खोली मागच्या बाजूची

गोंगाटाच्या शहरात मुक्काम करताना झोपेचे काय करावे, हा विषय गेल्या अंकात जाहीर केल्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा होती : अमुक शहरातला शांत भाग कोणता? या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दामच देणार नाही. शांत म्हणून नावाजलेल्या भागातही लिफ्टच्या यंत्राला लागून असलेली खोली वाट्याला आली, तर डोळ्याला डोळा लागत नाही. आणि भर बाजारपेठेतल्या इमारतीत आतल्या चौकाकडे उघडणाऱ्या खोलीत माणूस सकाळी उशिरापर्यंत झोपून राहतो. म्हणून भागाचा शोध थोडक्यात आटोपून खोलीचा शोध बारकाईने घ्यावा, असे माझे मत आहे, आणि पुढची उत्तरे त्याच मताने दिलेली आहेत.

प्रश्न : हॉटेलच्या माहितीत ‘शांत परिसर’ असे स्पष्ट लिहिले होते आणि प्रवाशांनी दिलेले गुणही भरघोस होते. प्रत्यक्षात पहाटे साडेचारपासून खिडकीखाली माल उतरवणाऱ्या गाड्यांची रांग लागत असे. अभिप्राय नीट वाचले असते तर हे आधी कळले असते का?

उत्तर : बहुधा कळले असते, पण गुणांच्या सरासरीवरून नाही. त्या सरासरीत स्वच्छता, कर्मचाऱ्यांचे अगत्य, स्नानगृह, दर अशा अनेक गोष्टींची गोळाबेरीज असते आणि आवाजाची तक्रार तीत सहज बुडून जाते. ज्याला हॉटेल एकंदरीत आवडले, तो ‘रात्री थोडा आवाज होता’ एवढे लिहून पूर्ण गुण देऊन मोकळा होतो. तुमच्या उपयोगाचे ते एक वाक्यच असते. म्हणून अभिप्राय वरपासून खालपर्यंत वाचत बसण्यापेक्षा त्यांत आवाज, झोप, खिडकी, भिंत, रस्ता, संगीत असे शब्द शोधावेत, आणि शक्य असेल तर त्या देशाच्या भाषेतही शोधावेत. परदेशी पाहुणा सहलीच्या आनंदात बरेच माफ करतो. त्याच देशातला, कामानिमित्त एका रात्रीपुरता आलेला माणूस कोणत्या खोलीत, किती वाजता, कशाने जाग आली हे नेमके लिहून जातो.

अभिप्रायाची तारीखही पाहावी. शेजारच्या भूखंडावर बांधकाम सुरू झाले असेल, तर वर्षापूर्वीची सगळी स्तुती निरुपयोगी ठरते आणि गेल्या दोन महिन्यांतले पाच-सहा अभिप्रायच खरे बोलतात. मंगळवारी राहिलेल्याचा अनुभव शनिवारच्या रात्रीला लागू पडत नाही, हेही लक्षात ठेवावे. दोन अभिप्राय परस्परविरोधी असतील, एक म्हणतो अगदी निवांत आणि दुसरा म्हणतो रात्रभर जागरण, तर दोघांपैकी कोणी खोटे बोलत आहे असे समजण्याचे कारण नाही. ते वेगवेगळ्या बाजूंच्या खोल्यांत राहिले होते, इतकेच. मला स्वतःला अशी जोडी दिसली की बरे वाटते, कारण त्या इमारतीत निदान काही खोल्या शांत आहेत याचा तो पुरावा असतो, आणि कोणत्या, एवढेच विचारायचे उरते.

तक्रारीला हॉटेलने दिलेले उत्तर तर अवश्य वाचावे. ‘आम्ही शहराच्या अगदी मध्यभागी असल्याने थोडाफार आवाज साहजिक आहे’ ही सभ्य भाषेतली कबुलीच असते. उशाशी इअरप्लग ठेवलेले होते अशी कौतुकाची नोंद आढळली, तर तीही कबुलीच समजावी. जाहिरातीच्या भाषेचा थोडा सराव झाला की ती उलटी वाचता येते. ‘चैतन्यमय परिसर’ म्हणजे रात्री दोन वाजेपर्यंत रस्त्यावर माणसे असतात, आणि जे आपल्यापासून हाकेच्या अंतरावर असते त्याची हाकही आपल्यापर्यंत येते.

प्रश्न : नकाशाकडे पाहून आवाजाचा अंदाज बांधता येतो का? मी नेहमी मुख्य रस्त्यापासून थोडे लांबचे ठिकाण घेते, तरी फरक पडत नाही.

उत्तर : फरक पडत नाही याचे कारण आवाजाच्या स्वभावात आहे. एकाच जागी बसलेल्या यंत्राचा आवाज त्याच्यापासूनचे अंतर दुप्पट केले की मोकळ्या जागेत सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पण सतत वाहणारा रस्ता हा एक बिंदू नसून लांबच लांब रेघ असते आणि तिच्यापासूनचे अंतर दुप्पट केले तरी जेमतेम ३ डेसिबल कमी होतात. साधारणपणे १० डेसिबल उतरल्यावर कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे रस्त्यापासून वीस मीटरऐवजी चाळीस मीटरवर राहिल्याने पदरात फारसे काही पडत नाही. याउलट, रस्ता आणि तुमची खिडकी यांच्यामध्ये इमारतींची एक अखंड रांग उभी असेल, तर तेवढ्या एका आडोशाने १० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक उतार सहज मिळतो. तेव्हा नकाशावर अंतर मोजण्यापेक्षा खिडकीतून रस्ता दिसेल का, हे पाहावे. रस्ता दिसत नसेल, तर तो ऐकूही बराच कमी येतो.

त्यानंतर आसपास काय आहे ते पाहावे. सिग्नलपाशी गाड्या थांबतात आणि पुन्हा वेग घेतात. चढावर इंजिने जोर लावतात. दगडी फरसबंदीवर चाके खडखडतात. ट्राम तीव्र वळणावर किंचाळते. बसथांब्याचा त्रास बसच्या येण्यापेक्षा निघण्यात अधिक असतो. अग्निशमन केंद्र आणि तातडीच्या विभागाचे रुग्णालय कुठे आहे हे एकदा पाहून घ्यावे. त्यांच्याविषयी तक्रार करणे शोभत नाही, पण शेजार टाळणे आपल्या हातात असते. केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेल्या रस्त्यांविषयी लोकांची फार चांगली समजूत असते, आणि ती अर्धीच खरी आहे. गाड्या नसतात, हे ठीक. पण तिथेच खाण्यापिण्याच्या जागा बाहेर टेबले मांडतात, आणि वाहनांची सततची घरघर नसल्यामुळे मध्यरात्रीचे एकेक हसू स्वच्छ ऐकू येते. शिवाय त्या रस्त्यावरच्या दुकानांचा माल दिवसा आणता येत नसल्याने अनेक शहरांत तो पहाटेच येतो. मघाच्या पत्रातल्या रांगेचे मूळ बहुधा असेच काहीसे असावे.

विमानतळाजवळ राहायचे असेल, तर अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची ठरते. धावपट्टीच्या टोकाला रंगवलेला आकडा तिची दिशा सांगतो : ०९ म्हणजे ९० अंश, पूर्वेकडे, २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे. उतरणारी विमाने शेवटचे कित्येक किलोमीटर याच रेषेवरून येतात आणि साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येत असल्याने, धावपट्टीपासून १० किलोमीटर अलीकडे ती जमिनीपासून सुमारे ५०० मीटरच उंच असतात. म्हणून नकाशावर धावपट्टीची रेघ दोन्ही बाजूंना लांबवून पाहावी. त्या रेघेखालचे दहा किलोमीटरवरचे हॉटेल हे धावपट्टीच्या बाजूला दोन किलोमीटरवर असलेल्या हॉटेलापेक्षा गोंगाटाचे असू शकते. काही विमानतळांवर रात्रीची बंदी असते. सिडनीत रात्री ११ ते सकाळी ६ आणि फ्रँकफर्टमध्ये रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियमित उड्डाणे नसतात. अशा ठिकाणी बंदी संपण्याची वेळ हीच आपली उठण्याची वेळ, असे धरून चालावे.

ज्यांना आणखी खोलात जायचे आहे, त्यांच्यासाठी आवाजाचे नकाशेही उपलब्ध आहेत. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशानुसार एक लाखाहून अधिक वस्तीच्या नागरी भागांना असे नकाशे दर पाच वर्षांनी तयार करावे लागतात, आणि अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१७ पासून रस्ते व विमाने यांच्या आवाजाचा देशव्यापी नकाशा खुला केला आहे. रेल्वेची भर त्यात नंतर पडली. हे आकडे प्रामुख्याने गणिताने काढलेल्या सरासरीचे असतात, हे मात्र विसरू नये. रस्त्यावरून जाणारे टोळके, कचऱ्याची गाडी आणि शेजारच्या गच्चीवरचे संगीत कोणत्याही सरासरीत दिसत नाही, आणि माणूस जागा होतो तो नेमका त्यांनीच.

प्रश्न : जितका वरचा मजला तितकी शांतता, हे खरे आहे का?

उत्तर : थोडेसेच. समोरच्या रस्त्यावरची बोलणी आणि दारांची आदळआपट वर जाताना विरते, यात शंका नाही. पण उंच खिडकीला दूरवरचे रस्तेही दिसू लागतात. खालच्या मजल्यांना शेजारच्या इमारतींचा जो आडोसा मिळतो, तो वर संपतो. त्यातच रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली, की आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि दिवसा न जाणवणारी लांबची रेल्वे रात्री शेजारून गेल्यासारखी वाटते. अगदी वरच्या मजल्याच्या डोक्यावर लिफ्टची यंत्रे, पाण्याचे पंप, वातानुकूलनाची मोठी युनिटे असतात, आणि आजकाल पुष्कळदा उपाहारगृहही. माझी आवड विचाराल तर मधला मजला, छतापासून निदान दोन मजले खाली आणि मागच्या बाजूला. समोरची दहाव्या मजल्यावरची खोली आणि मागची तिसऱ्या मजल्यावरची खोली यांत निवड करायची झाली, तर मी विचार न करता तिसरा मजला घेईन.

प्रश्न : जुन्या वाड्यासारख्या सुंदर इमारतीत राहण्याची आम्हा दोघांना आवड आहे. अशा ठिकाणी आवाजाचा त्रास जास्त असतो, असे ऐकले. खिडकी चांगली आहे की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : जुन्या इमारतींच्या भिंती बहुधा जाड असतात आणि बाहेरच्या आवाजाला त्या उत्तम अडवतात, त्यांचा दुबळेपणा लाकडी तक्तपोशीत आणि खिडक्यांत असतो. तक्तपोशीवर उपाय एकच : सर्वांत वरच्या मजल्यावरची खोली मागावी. आधीच्या उत्तराशी हे विसंगत वाटेल, पण अशा इमारतींच्या छतावर सहसा यंत्रे नसतात, आणि डोक्यावर चालणारी पावले ही रस्त्यापेक्षा वाईट असतात.

खिडकीविषयी सांगायचे तर काचेइतकीच फट महत्त्वाची आहे. आवाज पाण्यासारखा असतो, जिथे वाट मिळेल तिथून आत येतो. उत्तम दुहेरी काच बसवली आणि चौकटीला बोटभर फट ठेवली, तर काचेचा खर्च वाया गेला म्हणायचे. खिडकी बंद करून चौकटीच्या कडेने हाताचा मागचा भाग फिरवावा. वाऱ्याची झुळूक जाणवली तर तिथून आवाजही येतो. हॉटेलच्या छायाचित्रांत पडदे ओढलेले असतील तर काही कळत नाही, पण चौकट दिसत असेल तर ती मोठी करून पाहावी : कडेने रबराची पट्टी आहे का, कडी दाबून घट्ट बसणारी आहे की नुसती अडकवायची? सरकत्या खिडक्या सर्वसाधारणपणे दाबून बसणाऱ्या खिडक्यांपेक्षा कमी घट्ट असतात.

आता यातली खरी मेख. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शक मूल्यांनुसार झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर आणि एखादा सुटा आवाज ४५ डेसिबलच्या वर असू नये. खिडकी किंचित उघडी ठेवली, तर बाहेरचा आवाज आत येताना सुमारे १५ डेसिबलच कमी होतो, असे तिथेच धरले आहे. म्हणजे उघड्या खिडकीने निवांत झोपायचे, तर बाहेर ४५ डेसिबलच असायला हवेत, आणि मोठ्या शहरात रस्त्याकडेच्या बाजूला ते रात्रीही क्वचितच असतात. तेव्हा खिडकी किती चांगली आहे, या प्रश्नाला जोडूनच ती रात्रभर बंद ठेवता येईल का, हाही प्रश्न विचारायला हवा. उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीतली सर्वोत्कृष्ट खिडकीही उघडावीच लागते, आणि मग ती नसल्यासारखीच. तुम्हाला आवडणाऱ्या इमारतींत हे हमखास घडते, म्हणून तिथे आतल्या अंगणाकडची खोली मिळत असेल तरच जावे. मात्र अंगणात उपाहारगृहाची टेबले मांडत नाहीत ना, हे विचारून घ्यावे. चारी बाजूंनी भिंती असलेल्या अंगणात चमचा पडला तरी घुमतो.

प्रश्न : आरक्षण करताना मी ‘शांत खोली द्यावी’ अशी सूचना नेहमी लिहिते. तिचा कधी उपयोग झालेला नाही. काही वेगळे लिहावे का?

उत्तर : अवश्य. ‘शांत खोली’ ही मागणी इतके जण करतात की ती वाचली जात नाही. आणि वाचली गेली तरी शांत म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला ठरवावे लागते. तो दिवसा काम करतो, आणि दिवसा सगळ्याच खोल्या त्याला सारख्या वाटतात. त्याच्या हाती खोल्यांचा आराखडा असतो, म्हणून आराखड्यावर बोट ठेवता येईल असे लिहावे. मी स्वतः साधारण असे लिहितो : ‘माझी झोप हलकी आहे. कृपया रस्त्याच्या विरुद्ध बाजूची, लिफ्ट, जिना आणि सेवाकक्ष यांपासून दूर असलेली, शेजारच्या खोलीत उघडणारे दार नसलेली खोली द्यावी. त्यासाठी लहान खोली किंवा दृश्य नसलेली खोली चालेल.’ शेवटच्या वाक्याने बरेच काम होते. रस्त्याकडचे दृश्य हे हॉटेलच्या दृष्टीने विकायचे असते; ते नको म्हणणारा पाहुणा त्यांना सोयीचा असतो.

दोन खोल्यांना जोडणाऱ्या दाराचा उल्लेख मी आग्रहाने करतो. कुटुंबांसाठी केलेली ही सोय एरवी कुलूपबंद असते, पण दार भिंतीइतके जाड नसते आणि खालून फटही असते. शेजाऱ्याचा दूरचित्रवाणी संच, फोनवरचे बोलणे, घोरणे हे सगळे त्या वाटेने येते. ‘सेवाकक्ष’ हा शब्दही जाणूनबुजून लिहिलेला आहे : चादरींच्या गाड्या सकाळी तिथूनच निघतात.

आरक्षणानंतर, येण्याच्या एक-दोन दिवस आधी, रात्री उशिरा दूरध्वनी करावा. रात्रपाळीच्या माणसाला कोणत्या खोल्यांतून तक्रारी येतात हे तोंडपाठ असते, आणि त्या वेळी त्याला बोलायला सवडही असते. त्याला ‘खोली शांत आहे ना?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘हो’ असेच येणार. ‘रात्री तक्रारी कोणत्या बाजूने येतात?’ किंवा ‘तुम्हाला स्वतःला इथे झोपायचे असेल तर कोणती खोली घ्याल?’ असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नावर माणूस क्षणभर थांबतो, आणि बहुतेक वेळा एखादा खोली क्रमांकच सांगतो. तो टिपून घ्यावा.

पोहोचल्यावर सामान उघडण्यापूर्वी दोन मिनिटे काहीही न करता उभे राहावे. दिवे सोडून सगळे बंद करावे, फ्रीजही. मग जे ऐकू येते, ते रात्री याहून मोठे वाटणार हे गृहीत धरावे, कारण दुपारी शहराचा सर्वसाधारण गलबला बारीकसारीक आवाज झाकून टाकत असतो. खिडकीतून खाली पाहावे : एक्झॉस्ट पंख्याचे धुराडे, कचऱ्याचे मोठे डबे, जनरेटर, माल उतरवायचा धक्का यांपैकी काही दिसले तर मागची बाजू असूनही ती नाकारावी. मागच्या बाजूची सगळ्यात मोठी फसगत हीच, आणि या उत्तरांना ‘खोली मागच्या बाजूची’ असे नाव देणाऱ्याने ती सांगायलाच हवी. खोली बदलून मागायची असेल, तर या क्षणी मागावी. पिशवी उघडलेल्या, पलंग चुरगळलेल्या पाहुण्यापेक्षा दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला खोली बदलून देणे त्यांना सोपे जाते.

प्रश्न : माझ्या घराच्या दोन खोल्या मी प्रवाशांना देतो. घर रहदारीच्या रस्त्यावर आहे आणि आवाजाची तक्रार अधूनमधून येते. खिडक्या बदलण्याइतके पैसे आज नाहीत. काय करता येईल?

उत्तर : तुमचे पत्र वाचून आनंद झाला, कारण यजमान हा प्रश्न क्वचितच विचारतात. आधी फटी बुजवाव्यात. खिडकीच्या चौकटीला रबराची किंवा फोमची पट्टी आणि दाराच्या तळाला झडप हे अगदी कमी खर्चाचे काम आहे आणि त्याचा परिणाम त्याच रात्री दिसतो. जाड पडद्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये. ते खोलीतला घुमणारा आवाज मऊ करतात, बाहेरचा फारसा अडवत नाहीत. पलंग रस्त्याकडच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीशी न्यावा. घरातले आपले स्वतःचे आवाज तपासावेत : खुर्च्यांच्या पायांना नमदा, दाराला हळू मिटणारा दट्ट्या, करकरणाऱ्या बिजागरीला तेल. पाहुणे रस्त्याला नावे ठेवतात आणि जागे होतात ते पुष्कळदा यजमानाच्या स्नानगृहाच्या दाराने.

पुढे पैसे जमले, तर सध्याच्या खिडकीच्या आतल्या बाजूने दुसरी स्वतंत्र खिडकी बसवण्याचा विचार करावा. दोन काचांमधले अंतर जितके अधिक, साधारण १० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त, तितका रहदारीचा घुमा, खर्जातला आवाज चांगला अडतो. बाजारातल्या सर्वसाधारण दुहेरी काचेत मधले अंतर फार थोडे असते, कारण ती मुख्यतः उष्णता अडवण्यासाठी बनवलेली असते.

आणि माहितीत सगळे खरे लिहावे : कोणती खोली रस्त्याकडची, पहिली बस किती वाजता, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी. ‘शांत’ हा शब्द काढून टाकावा. ज्याला वेळ आधी ठाऊक असते तो त्या आवाजाने दचकत नाही, आणि ज्याला ते चालणार नाही तो येणारच नाही, म्हणजे त्याची तक्रारही येणार नाही.

प्रश्न : इअरप्लगने माझे कान दुखतात, आणि आवाज तर येतोच. त्याऐवजी मोबाइलवर पावसाचा आवाज लावला तर?

उत्तर : आवाज येतो, याचा अर्थ ते बहुधा नीट बसत नाहीत. फोमचा इअरप्लग बोटांत दाबून बारीक वात करावी, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, वात आत सरकवून फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावी. निम्मे लोक तो नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवतात. पाकिटावर छापलेला डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेत काळजीपूर्वक बसवून काढलेला असतो, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतो. कान दुखत असतील तर लहान मापाचे किंवा मेणाचे वापरून पाहावेत, आणि कानात संसर्ग असेल तर मुळीच वापरू नयेत. सोबत लहान मूल असेल किंवा आपत्कालीन भोंगा ऐकू येणार नाही अशी धास्ती वाटत असेल, तर एकाच कानात घालावा आणि दुसरा कान उशीवर टेकवून झोपावे.

पावसाचा आवाज हा वेगळ्या तत्त्वावर चालतो. झोप मोडते ती आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या अचानक चढउताराने. एकसुरी सळसळ तळाची पातळी थोडी उंचावते आणि त्यामुळे दारांची आदळआपट किंवा दूरचे बोलणे त्यातून कमी वर डोकावते. पंखासुद्धा हेच काम करतो. आवाज अगदी हलका ठेवावा आणि मोबाइल उशाशी न ठेवता खिडकीच्या, म्हणजे त्रासाच्या बाजूला ठेवावा. ढणढणत्या खर्जाच्या संगीतापुढे मात्र पाऊसही हरतो आणि इअरप्लगही.

पहिल्या रात्रीविषयी एक गोष्ट इथेच सांगतो. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा अधिक सावध राहते आणि आवाजाला लवकर दाद देते. नंतरच्या मुक्कामात हा फरक दिसला नाही. त्यामुळे चार रात्रींच्या प्रवासात तीन वेगवेगळी हॉटेले घेणाऱ्याने शहराला दोष देण्यापूर्वी स्वतःचे वेळापत्रक पाहावे.

प्रश्न : मध्यरात्री शेजारच्या खोलीत धिंगाणा सुरू झाला तर सकाळी तक्रार करावी की तेव्हाच?

उत्तर : तेव्हाच, आणि स्वतः शेजाऱ्याचे दार न ठोठावता रिसेप्शनला सांगून. सकाळची तक्रार ही केवळ हकिगत असते. रात्रीच्या तक्रारीची नोंद होते आणि खोली बदलून मिळण्याची किंवा पैशांत सूट मिळण्याची शक्यता तिच्यातच असते. मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अॅपचे आकडे पुरावा म्हणून पुढे करू नयेत, ते तितके अचूक नसतात. मात्र एकाच मोबाइलने दोन खोल्यांची तुलना करायला ते पुरेसे असतात.

प्रश्न : सामायिक खोलीत, म्हणजे हॉस्टेलमध्ये, शांत जागा कोणती?

उत्तर : दारापासून आणि स्नानगृहापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातला खालचा पलंग, तोही जितक्या कमी माणसांच्या खोलीत मिळेल तितक्या. याहून जास्त आश्वासन देता येत नाही.

प्रश्न : माझी अडचण उलटी आहे. जन्मापासून हमरस्त्यावरच्या घरात राहिल्यामुळे नि:शब्द खोलीत मला झोपच लागत नाही. इतरांचे प्रश्न वाचून हसू नये.

उत्तर : हसण्यासारखे त्यात काही नाही, ओळखीचा आवाज नाहीसा झाला की कान दुसरे काहीतरी शोधू लागतात, आणि मग नळाची टपटपही पुरते. तुम्ही समोरच्या बाजूची, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची, खिडकी उघडता येणारी खोली मागावी. वरच्या पत्रलेखकांना जी खोली नको आहे ती हीच, तेव्हा मिळण्यात अडचण येऊ नये.